बारा नंबरच्या प्रेसवरची जागा

एस्टिल कॉडिल प्रेसवर तिरका उभा राहायचा. बारा नंबरची प्रेस म्हणजे दोन मजली उंच धूड. तिच्या पोटात पत्रा सरकवायचा, मागे व्हायचं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून दट्ट्या खाली येऊन सपाट पत्र्याचं मोटारीचं दार करून टाकायचा. या कामाला माणूस बरोबर मध्यावर लागतो. एस्टिल मात्र डावीकडे सरकून, एक खांदा चोरून उभा असायचा, बाकावर कोणी बसायला आलं की आपण सरकतो तसा. फोरमन येता-जाता ओरडायचा, "कॉडिल, अरे सरळ उभा राहा की! बसमध्ये आहेस का?" आजूबाजूचे फिदीफिदी हसायचे. एस्टिल हसायचा नाही, आणि सरकायचाही नाही.

कारण सांगण्यासारखं नव्हतं. त्याच्या जागेवर आधीच एक जण उभा असायचा. लॉन्झो पेटवे त्याचं नाव. त्याला मरून पाच वर्षं होत आली होती.

एस्टिल मूळचा केंटकीच्या डोंगरातला. तिकडच्या खाणी बंद पडत गेल्या तशी माणसं उत्तरेला मिशिगनमध्ये आली आणि आमच्या नदीकाठच्या गावात, या कारखान्यात चिकटली. एस्टिल १९५० साली लागला. शुक्रवारी पाळी सुटली की आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या दक्षिणेला तोंड करून डोंगरातल्या घरांकडे निघायच्या, त्यात एक त्याची असायची. बायको व्हर्डी त्याच खोऱ्यातली, जिभेने तिखट आणि मनाने मऊ. मूलबाळ नाही. व्हर्डी म्हणायची, "आम्हाला एकच लेकरू. सिनियॉरिटी नाव ठेवलंय त्याचं."

तिचं खोटं नव्हतं. आमच्याकडे माणसाचं वय कोणी विचारत नाही, सिनियॉरिटी विचारतात. कोण कधी लागला यावर पाळी ठरते, सुट्टी ठरते, आणि मंदी आली की घरी कोणी जायचं तेही ठरतं. घरी गेल्यावर कोणाची चूल किती दिवस पेटती राहणार, हेसुद्धा त्यावरच. सरकारचा बेकारभत्ता असतोच, पण आमच्या युनियनने संप करून त्याच्यावर एक फंड मिळवला होता. कामावरच्या प्रत्येकाच्या प्रत्येक तासामागे कंपनी त्यात थोडे पैसे टाकायची, आणि ले-ऑफ झालेल्याला, म्हणजे मंदीत घरी बसवलेल्याला, दर आठवड्याला त्यातून चेक यायचा. जुन्या माणसाचा चेक वर्षभर चालायचा, नव्याचा काही आठवड्यांत आटपायचा.

मग करारात एक नवीन कलम आलं. घरी बसून जवळपास पगाराइतकंच मिळत असेल, तर घरी बसायचा मान आधी जुन्यांना का नको, असं कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं. म्हणजे मंदी आली की जुन्याने हात वर करायचा, 'मी जातो' म्हणायचं, आणि ज्याची गच्छंती होणार होती त्या नव्याने त्याच्या जागी उभं राहायचं. जुना मासे मारणार, नव्याची नोकरी टिकणार, दोघांचंही भलं. आम्ही याला उलटी सिनियॉरिटी म्हणायचो. हे कलम आलं तेव्हा युनियनच्या हॉलमध्ये बिअर वाहिली होती.

१९७० च्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, गाड्या खपेनात, तेव्हा एस्टिलने हात वर केला. का करू नये? वीस वर्षं पत्रा ओढला होता, आईच्या घराचं छप्पर गळत होतं. त्याच्या जागी आला लॉन्झो. अलाबामाचा, उंच, हसरा, काम करताना सतत गुणगुणणारा. कंपनीने काळ्या माणसांना प्रेसवर घ्यायला मुळात उशीर केला होता, त्यामुळे यादीच्या तळाशी बहुतेक तेच असायचे. याला कोणाला योगायोग म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. लॉन्झो त्या यादीत अगदी काठावर होता. एस्टिल घरी गेला नसता तर तो गेला असता.

शेवटच्या दिवशी एस्टिलने त्याला सगळं दाखवलं. पायाखाली घ्यायची लाकडी फळी, वारा कुठून लागतो, कॉफी कुठे ठेवली की गरम राहते. लॉन्झोने प्रेसच्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा, निवांत जा. तुझी म्हातारी मी सांभाळतो. एवढी लाडावून ठेवशील की परत आल्यावर तुला ओळखणार नाही."

एक गोष्ट दाखवायची राहिली. बारा नंबरच्या प्रेसला एक खोड होती. कधीमधी, दट्ट्या वर जाऊन थांबल्यासारखा व्हायचा आणि बटण दाबलेलं नसताना पुन्हा एकदा खाली यायचा. एस्टिल आत हात घालण्याआधी एक श्वास थांबायचा. पण हे तो करतो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. जिना उतरताना आपण पायऱ्या मोजत नाही, आणि दुसऱ्याला सांगतही नाही.

मार्च महिन्यात, एस्टिल आईच्या छपरावर बसून खिळे ठोकत होता तेव्हा खाली दुकानदाराचा माणूस आला, मिशिगनहून फोन आहे म्हणून. कापलेल्या पत्र्याचा तुकडा डायमध्ये, दट्ट्याखालच्या साच्यात, अडकला होता. लॉन्झो तो काढायला वाकला. दट्ट्या पुन्हा खाली आला.

एस्टिल गाडी हाणत उत्तरेला पोहोचला तोवर दफन उरकलं होतं. कोणी त्याला बोल लावला नाही. युनियनमध्ये फंडाचं काम बघणारा मेल झुरेक त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ब्रदर, तू करारात जे लिहिलंय तेच केलंस. तुझा काय दोष यात? प्रेस तुझी आहे का? कंपनीची आहे." कंपनीने प्रेसपुढे जाळी बसवली, खोड काढली, चौकशी मिटली. आणि त्या वर्षी गाड्या काही खपल्याच नाहीत, म्हणून एस्टिलचा ले-ऑफ तसाच चालू राहिला, आणि दर आठवड्याला चेक येत राहिला. सगळ्यात भयंकर काही असेल तर ते हे. माणूस त्याच्या जागेवर मेला होता, आणि जागेचे पैसे त्याला घरपोच मिळत होते. त्या पैशांचं आणलेलं जेवण त्याच्या घशाखाली उतरायचं नाही. व्हर्डी डुकराच्या हाडावर शिजवलेला राजमा आणि मक्याचा पाव समोर ठेवायची आणि तो नुसता चमचा फिरवत बसायचा.

परत कामावर गेला त्या सकाळी लॉन्झो तिथे उभा होता. प्रेसकडे तोंड, एस्टिलकडे पाठ, मानेवर घामाची रेघ. गुणगुणणं नव्हतं. एस्टिलने डोळे चोळले नाहीत की कोणाला हाक मारली नाही. तो डावीकडे सरकला आणि कामाला लागला. त्या दिवसापासून ते तसंच चाललं.

व्हर्डीपासून लपवून किती लपवणार. एकदा तिने वाकड्या खांद्याला तेल चोळता चोळता त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ती दचकलीही नाही. डोंगरातली बाई ती, मेलेल्यांचं तिला नवल नव्हतं.

"मग विचारायचं की त्याला," ती म्हणाली. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेऊन विचारायचं, काय पाहिजे तुला म्हणून. सांगावंच लागतं त्यांना. माझ्या आजीने विचारलं होतं तर त्या मेल्याने पुरलेली कुऱ्हाड मागितली."

"आणि सांगितलंच नाही तर?"

"तर मग त्याला काही नकोय. तुलाच काहीतरी पाहिजे."

एस्टिलने विचारलं. प्रेसच्या दणदणाटात, ओठ न हलवता, तिन्ही नावं घेऊन विचारलं. लॉन्झोने मान वळवली नाही. पाच वर्षांत एकदाही वळवली नाही.

लॉन्झोची बायको ओडेसा. दोन मुली पदरात. नुकसानभरपाई म्हणून जे मिळालं ते घराच्या हप्त्यात गेलं. युनियनने भांडभांड भांडून तिला कारखान्यात नोकरी मिळवून दिली, पॅकिंगला. तयार दारं कागदात गुंडाळून लोखंडी मांडणीवर लावायची. पण नवऱ्याची सिनियॉरिटी बायकोला मिळत नाही. ती त्याच्याबरोबर पुरली जाते. आणि भांडायला जे महिने गेले ते गेलेच. ओडेसाची सिनियॉरिटी ती ज्या सकाळी फाटकातून आत आली त्या सकाळपासून सुरू झाली. पॅकिंगमधून बारा नंबरची प्रेस सरळ दिसते. ती आणि एस्टिल येता-जाता मान हलवायचे, त्याच्यापुढे शब्द कधी गेला नाही.

मग १९७५ उजाडलं, आणि पेट्रोलच्या भावाने मोठ्या गाड्यांचं कंबरडंच मोडलं. हॉल गच्च भरला. मेल झुरेक समोर उभा राहिला, टाय सैल, चेहरा उतरलेला.

"फंडाचं असं आहे, भावांनो आणि बहिणींनो," तो म्हणाला. "काम करणारे कमी झाले की आत पैसे कमी येतात. घरी बसणारे वाढले की बाहेर जास्त जातात. खाली जायला लागला की नियम असा, की आधी नव्यांचा चेक बारीक होणार, मग बंद होणार. वीस वर्षांच्या वरच्यांचा सगळ्यात शेवटी."

"म्हणजे खड्ड्यात आधी आम्ही!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मी नाही लिहिलं ते, सगळ्यांनी हात वर करून पास केलंय," मेल म्हणाला. "म्हणून म्हणतो, जुन्यांनी जावं. जितके जुने जातील तितके नवे कामावर राहतील. निदान पगार तर चालू राहील त्यांचा."

हात वर झाले. म्हाताऱ्यांना मासे खुणावत होते, शिवाय या वेळी खरंच कोणाचं तरी भलं होत होतं. मेलने मोजलं, पुन्हा मोजलं. एक माणूस कमी पडत होता. त्या एकासाठी कामावरून कोण जाणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं, यादी फाटकावर लागलेली होती. ओडेसा पेटवे.

सगळ्या माना एस्टिलकडे वळल्या. त्याने मांडीखाली हात दाबून धरले होते. कोणीतरी म्हणालं, "पंचवीस वर्षं झाली तरी हाव सुटत नाही बघ." एस्टिल उठून बाहेर गेला.

हाव नव्हती. तो घरी गेला तर ओडेसा बारा नंबरवर उभी राहणार होती. रिकाम्या झालेल्या जागेवरच नव्याने जायचं, असं कलम होतं. आणि तो गेला नाही तर तिला घरी बसून काहीही मिळणार नव्हतं. पाच वर्षांच्या आतल्यांचा चेक बंद व्हायच्या बेतात होता आणि तिला थोडे महिने कमी पडत होते. जाळी बसली होती, खोड काढली होती, हे सगळं त्याच्या डोक्याला पटत होतं. पण एकदा त्याच्या जागेवर माणूस उभा करून तो घरी गेला होता. पुन्हा त्याच घरातलं दुसरं माणूस तिथे उभं करायचं, हे त्याच्या जिवाला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओडेसा त्याच्या दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं. व्हर्डीने तिला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, आणि दोघांना सोडून जाण्याऐवजी सरळ खुर्ची ओढून स्वतःही बसली.

"रताळ्याचं गोड आहे," ओडेसा म्हणाली. "गोड बोलायला आलेय असं समजू नका, मिस्टर कॉडिल. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायची सवय नाही म्हणून आणलं."

"बरं केलंत," एस्टिल म्हणाला.

"तुम्ही हात का वर केला नाही?"

एस्टिलने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"गेल्या वेळी तर केला होता," ती म्हणाली. "तेव्हा महिनोन् महिने घरी बसून चेक घेतलेत, तेव्हा मी आले होते का विचारायला? त्याच फंडातले पैसे ते. आता मला लागतील तेव्हा तिथे खडखडाट. आणि काम होतं, तर तेही तुम्ही अडवून बसलाय. मिस्टर कॉडिल, तुम्ही काम करता तेव्हाही मी मरते आणि घरी बसता तेव्हाही आमच्यातलंच कोणीतरी मरतं, असं कसं?"

व्हर्डीने नवऱ्याकडे बघितलं. "बोल की आता. तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

एस्टिल बोलला. आयुष्यात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता. प्रेसची खोड, तो एक श्वास, फळी दाखवली, वारा दाखवला, कॉफीची जागा दाखवली आणि ते तेवढं दाखवलं नाही. शेवटी म्हणाला, "मी थांबायचो. मला माहीतच नव्हतं की मी थांबतो. तो गेल्यावर कळलं."

ओडेसाने कप बाजूला सारला. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही तिरके उभे राहता."

एस्टिलने मान वर केली.

"आंधळी नाहीये मी. इतकी वर्षं पॅकिंगमधून बघतेय. फोरमनला वाटतं तुमची कंबर गेलीय. तुम्ही माझ्या नवऱ्याला जागा देता." तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "आहे ना तो तिथे?"

"पाठमोरा."

"मला नाही दिसत. खूप बघितलं. माझा नवरा, आणि दिसतो तुम्हाला! याचा किती राग येतो मला, कल्पना नाही तुम्हाला." तिने नाक पुसलं. "मला त्या प्रेसवर उभं राहू द्या. पोरींसाठी पगार तर पाहिजेच. पण तेवढंच नाही."

"मला भीती वाटते," एस्टिल म्हणाला.

"मग शिकवा मला. त्याला शिकवलं नाही ते मला शिकवा. आणि मग घरी जा."

व्हर्डीने भांड्याचं फडकं सोडलं आणि तिघांना वाढलं. तिघांनी खाल्लं.

एस्टिलने मेलला फोन करून हात वर केल्याचं कळवलं. जाण्याआधीचे दिवस त्याने ओडेसाला बारा नंबरवर घेतलं. तो इतका बारकाईने शिकवायचा की बघणाऱ्यांना हसू यायचं. दट्ट्या वर गेला की तो मोठ्याने म्हणायचा, "थांब. श्वास घे. सोड. आता." जाळी होती, गरज नव्हती, तरी म्हणायचा. ओडेसा डोक्याला निळा रुमाल बांधून, बाह्या वर करून मध्यावर उभी राहायची. एस्टिलने लक्षपूर्वक पाहिलं. ती उभी राहिली की लॉन्झो दिसायचा नाही. तिने व्यापलेल्या जागेत तो होता की निघून गेला होता, ते कळायचं नाही.

मग एस्टिल घरी बसला. या वेळी डोंगरात गेला नाही. सकाळची पाळी भरायच्या वेळी गाडी काढून कारखान्यासमोरच्या रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि पाळी सुटून निळा रुमाल फाटकाबाहेर आला की घरी यायचा. व्हर्डी म्हणाली, "पगारी रजेवर जाऊन बिनपगारी रखवाली करणारा तूच एक बघितला." पण डबा भरून द्यायची. ओडेसाने पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे कानाडोळा केला. दुसऱ्या आठवड्यात रस्ता ओलांडून आली आणि गाडीच्या काचेवर टकटक केली.

"लोक बोलायला लागलेत, मिस्टर कॉडिल. म्हातारा काय बघायला येतो म्हणतात."

"बोलू दे."

"मी थांबते दर वेळी. श्वास घेते. ऐकलंत? जा आता घरी."

तो घरी गेला. त्या दिवसानंतर गाडी थोडी लांब लावू लागला, एवढंच.

वसंत ऋतू लागता लागता मेलचा फोन आला.

"एस्टिल, फंड तळाला गेला."

"बंद झाले का चेक?"

"नव्यांचे कधीच झाले. आता तुमचेही होतील. म्हणून ते खालचं कलम लागू झालंय. फंड एका रेघेच्या खाली गेला की उलटी सिनियॉरिटी रद्द. सगळे जुने परत कामावर, सगळे नवे बाहेर. सोमवारी ये."

"ओडेसा?"

"बाहेर. आणि तिला फंडाचं काही नाही. सरकारी भत्ता मिळेल तेवढा."

"मी नाही आलो तर?"

मेल उसासला. "मला वाटलंच होतं तू हे विचारणार. नाही आलास तर तुझी सिनियॉरिटी तुटली. पंचवीस वर्षं पाण्यात, पेन्शन पाण्यात. आणि तिला काय मिळणार? काही नाही. तुझी जागा तिच्या वरच्याला जाणार, आणि तिच्या वर रांग लागलीय रे. तू मेलास तरी ती जागा तिला मिळत नाही. एस्टिल? ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"करारच आहे तो. आपणच केलाय."

शुक्रवारी पाळी सुटताना एस्टिल फाटकाशी जाऊन उभा राहिला, गाडीतून उतरून, टोपी हातात घेऊन. ओडेसा बाहेर आली. हातात कामाचे हातमोजे आणि डबा, म्हणजे कपाट रिकामं करून आली होती.

"मी नको म्हटलं असतं," तो म्हणाला, "पण तेवढ्याने तुम्हाला ती जागा..."

"माहितीये मला. झुरेकने सांगितलं. उगाच पेन्शन फुंकून टाकू नका, व्हर्डीताईंनी काय पाप केलंय?" ती हसली, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "बहिणीकडे जाईन म्हणते, क्लीव्हलंडला. घर नाही टिकणार आता."

एस्टिलने विचारलं, "दिसला का?"

"नाही. एकदासुद्धा नाही." तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "आज निघताना मीच म्हटलं, चल रे, पुरे झालं आता, घरी चल. आला असेल तर आला असेल."

"मी काय करू?" एस्टिल म्हणाला. त्याला तिच्याकडून काहीतरी हवं होतं, शिवी चालली असती, माफी चालली असती.

"काम करा," ओडेसा म्हणाली. "तुमचं काम आहे ते." आणि ती बसच्या थांब्याकडे चालू लागली.

सोमवारी सकाळी थंडी परत आली होती. एस्टिल बारा नंबरकडे गेला तेव्हा जागा रिकामी होती. लॉन्झो नव्हता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, प्रेसच्या मागच्या बाजूलाही डोकावला. कोणी नव्हतं. फोरमन म्हणाला, "काय कॉडिल, हरवलं काय?" एस्टिल म्हणाला, "काही नाही." त्याला वाटलं, ती घेऊन गेली त्याला. आणि इतक्या वर्षांनी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते न वाटता त्याला अनाथ झाल्यासारखं वाटलं.

तो बरोबर मध्यावर उभा राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदा. पत्रा सरकवला, बटणं दाबली, दट्ट्या खाली येऊन वर गेला. एस्टिल थांबला. एक श्वास घेतला.

त्या श्वासात ती दिसली. निळा रुमाल, वर केलेल्या बाह्या. लॉन्झो कधी वळला नव्हता. ओडेसा समोर उभी राहून सरळ त्याच्याकडे बघत होती. एस्टिलच्या सर्वांगाला घाम फुटला, कारण ती मेलेली नव्हती. या घटकेला ती दोन मैलांवर भत्त्याच्या कचेरीपुढच्या रांगेत उभी होती, धडधाकट, जिवंत, आणि तिला कल्पनाही नव्हती की ती इथे आहे. तिन्ही नावं घेऊन हिला काय विचारणार? हिला काय पाहिजे ते तिने त्याच्या स्वयंपाकघरात बसून स्वच्छ सांगितलं होतं.

"कॉडिल! झोपलास काय?" फोरमन ओरडला.

एस्टिल सवयीने डावीकडे सरकला, खांदा चोरला, शेजारी जागा करून दिली. त्या जागेत ती आली नाही. तो आणखी सरकला, पत्र्याला हात जेमतेम पुरेल इतका. ओडेसा होती तिथेच होती. लॉन्झोला अर्धी जागा दिली की भागायचं. पण एस्टिल कितीही सरकला तरी आता जिथे उभा राहील ती जागा तिचीच होती, आणि पाळी सुटायला अजून सगळा दिवस बाकी होता.